आडनाव नसलेला कॅप्टन

गेल्या महिनाभरापासून आमच्या पवनारच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की अंतराळयान सुटते. लेक मोबाइल टीव्हीला जोडते, सौ. मेथी निवडायला घेते आणि मी चष्मा पुसून पुढे सरकतो. मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. भाषा इंग्रजी. खाली अक्षरे उमटतात, ती वाचून होईपर्यंत पात्र बोलून मोकळे झालेले असते. मग लेक मध्येच थांबवून समजावते. "काय पाहून राहिले जी तुम्ही बापलेक!" असे सौ. दहा वेळा म्हणते, पण उठून काही जात नाही.

दिवसभर कारकुनी आणि संध्याकाळी विहारात मुलांची अभ्यासिका, अशा माणसाला या वयात हा नाद कसला, असे कार्यकर्ते मित्र विचारतात. नाद जुना आहे. १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' लागायची. मी तेव्हा बी.कॉम. करीत होतो. घरी टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या ओसरीत आम्ही दहा-बारा पोरे दाटीवाटीने बसायचो. मिलिंद सोमण व्योम झाला होता. तुरुंगातून पळालेले बारा भयंकर गुन्हेगार पकडायचे, ही कथा. त्या काळात साऱ्या पृथ्वीचे एकच सरकार दाखवले होते. मला त्यातले एकच फार आवडायचे. त्या कॅप्टनला आडनाव नव्हते. व्योम म्हटले की झाले. 'पूर्ण नाव सांगा' असे त्याला कोणी म्हणत नव्हते.

'स्टार ट्रेक' ही मूळची १९६६ सालची अमेरिकन मालिका. तिच्यात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय नटी लेफ्टनंट उहुरा झाली होती. मोलकरीण नाही, जहाजावरची अधिकारी! पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडायला निघाली होती. तेव्हा एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले, आपण या मालिकेचे चाहते आहोत असे म्हणाले आणि सोडू नकोस, असा आग्रह त्यांनी धरला. ही हकीकत तिने पुढे अनेकदा सांगितली. उहुराला पाहून वाढलेली मे जेमिसन १९९२ साली खरोखरच अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. विहारातल्या पोरींना मी हे सांगतो तेव्हा त्या गणिताची वही बाजूला ठेवून ऐकतात.

आता नव्या मालिकेविषयी. तिचा तिसरा सीझन २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात आला. खरे सांगायचे तर तो मला थोडा पोरकट वाटला. एका भागात जहाजावरचे काही जण औषध घेऊन व्हल्कन होतात, म्हणजे टोकदार कानांचे आणि केवळ बुद्धीने चालणारे. झाले की लगेच कालपर्यंतच्या सोबत्यांना कमी लेखू लागतात. हसू आले, आणि अशी माणसे आपण आपल्या गावातही पाहिली आहेत असे वाटले.

पण मनात घर करून बसला तो दुसऱ्या सीझनचा दुसरा भाग, २०२३ च्या जूनमधला. युना चिन-रायली ही जहाजावरची कॅप्टनखालोखालची अधिकारी. जन्माने इलिरियन. इलिरियन लोक शरीराच्या जनुकांत बदल करून घेतात, आणि संघराज्याच्या कायद्यात त्याला बंदी. अशांना नोकरीत प्रवेशच नाही. युनाने आपली ओळख लपवून नोकरी मिळवली, म्हणून तिच्यावर खटला. लहानपणी तिच्या पायाला दुखापत होते, तरी आईबाप डॉक्टरकडे न्यायला घाबरतात. तपासले तर कळेल ना! पुढे शहराचे दोन भाग पडतात, इलिरियन एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. युनाचे कुटुंब ओळख लपवून दुसऱ्या बाजूला राहते. बालमैत्रीण नीरा आपल्या लोकांत मागे राहते. हीच नीरा पुढे वकील होऊन तिचा खटला चालवते, पण मनातली अढी तशीच. नायजेरियात जन्मलेल्या येटिडे बडाकी या नटीने नीरा अशी उभी केली आहे की तिच्या नजरेला नजर देववत नाही.

कोर्टात उघड होते की युनाची माहिती दुसऱ्या कोणी दिलेली नव्हती. लपून लपून थकलेल्या युनाने ती स्वतःच दिली होती. शेवटी नीरा म्हणते, हिने तुमच्याकडे आश्रय मागितला आहे असे समजा. तसे नियमात बसते आणि युना सुटते. हा शेवट मला पटला नाही. एकीला आसरा मिळाला, कायदा जागच्या जागी राहिला. तसे मी लेकीला म्हणालोही. तिचे लक्ष नव्हते. ती माझ्याकडे पाहत होती.

त्याचे कारण असे. पुढच्या महिन्यात तिला पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचे आहे. खोलीचा शोध चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला म्हणालो होतो, "फोनवर नुसते नाव सांग. आडनावाचे मागाहून पाहू." ती तेव्हा काही बोलली नाही.

त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि आजवर घरात कुणाला न सांगितलेले सांगून टाकले. २००३ साली नागपूरला पहिली नोकरी लागली तेव्हा दोन घरी आडनाव ऐकून खोली 'कालच गेली' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या घरी मी आडनाव सांगितले, पवनारकर. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो वर्षभर ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली राहिला. एकदा गावचा मित्र आला आणि त्याने जिन्यातूनच मोठ्याने जयभीम घातला. मी त्याला हात धरून आत ओढले आणि म्हणालो, "हळू बोल ना बे!" तो चहा न घेताच निघून गेला. आज तो माझ्यासोबत विहाराच्या कामात असतो, पण माझ्या दारात त्याने पुन्हा कधी मोठ्याने जयभीम म्हटले नाही.

१९१७ साली बडोद्याला बाबासाहेबांनाही पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले होते, आणि लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले होते, हे आपण सर्व जाणतो. इतकी वर्षे मी मनातल्या मनात त्याच गोष्टीचा आधार घेत आलो. पण बाबासाहेबांनी ती हकीकत स्वतः लिहून जगापुढे ठेवली. मी स्वाभिमानावर भाषणे दिली आणि ट्रंकेतल्या फोटोविषयी चकार शब्द काढला नाही.

सौ.चा मेथी निवडणारा हात थांबला होता. ती म्हणाली, "मले कधी सांगितलं नाही तुम्ही." लेक म्हणाली, "मग मलेही तेच शिकवून राहिले होते का बाबा?" मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोरच पुण्यातल्या एका घरमालकीणबाईंना फोन लावला. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे सावकाश सांगितले. बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत कळवते. याला आज चार दिवस झाले. काल लेकीने आणखी तीन ठिकाणचे नंबर काढले आणि वहीत लिहून ठेवले. फोन करायला उद्याची रजा मीही टाकली आहे.

ट्रंक अजून माळ्यावर आहे. फोटो अर्थातच केव्हाच भिंतीवर आला. मित्राकडे मी उद्या सकाळी जाणार आहे, आणि जिन्यातूनच हाक मारणार आहे.