अलिबागची पोपटी आणि रश्शातले पाणी

पौष-माघात एस. टी.ने पेण, वडखळवरून अलिबागकडे जाल, तर रस्त्याच्या कडेला भात निघालेल्या खाचरांत वाल उभे दिसतील. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरच हे पीक येते. तिकडच्या स्वयंपाकातही पाण्याचा हिशेब असाच आहे.

संध्याकाळी शेतात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडे मीठ, ओवा, आणि तोंडाशी पुन्हा गच्च पाला. भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन लगेच सुकला, की पोपटी झाली. आत थेंबभरही पाणी घातलेले नसते. शेंगांच्या नि पाल्याच्या अंगच्या ओलीची वाफच सारे शिजवते.

ते पाहून मला आमची मळणी आठवली. सकाळी वैलावर मटकीचे पातेले ठेवून मी रानात गेले होते. करपू नये म्हणून भरपूर पाणी घातले, वर घट्ट झाकण. दुपारी बारा माणसे जेवायला बसली, तर मटकी तळाशी नि पाणी वर! कोणी बोलले नाही. सासूबाईंनी फक्त ठेचा मागून घेतला.

चूक उमगली ती दुसऱ्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी वालाचे बिरडे केले तेव्हा. दाणे जेमतेम बुडतील एवढेच पाणी, वर ताट, ताटात पाणी. म्हणाल्या, "अगं, मंद आचेवर झाकलेल्या भांड्यातले पाणी जाते कुठे? वाफ ताटाला लागून परत खालीच पडते." कमी पडलेच तर ताटातले गरम पाणी घालायचे, गार पाण्याने उकळी मोडते. दाणा मऊ झाल्यावरच आमसूल नि वाटलेले खोबरे. आंबट आधी पडले, तर दाणा लवकर शिजत नाही.

तरीही रस्सा पातळ झाला, तर झाकण काढून आटवा. डावभर दाणे ठेचून घाला, किंवा दाण्याचे कूट. बेसन लावायचे तर आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मात्र उतरवताना रस्सा किंचित सैलच ठेवा. निवल्यावर तो आणखी आळतो.

पुढच्या मळणीला मी मटकी तशीच केली. बाराही माणसांनी भाकरी कुस्करून खाल्ली, आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.