रुस्ताकमधला ताप

कामासाठी परमुलखात गेलेला माणूस आजारी पडला की आधी आजार लपवतो. अंगात कणकण असते, डोळे चुरचुरत असतात, घोटभर पाणी प्यायलं तरी मळमळतं. पण साइटवर कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: 'काही नाही, झोप नीट झाली नाही.' रात्री घरून फोन येतो. ओमानचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. रुस्ताकमध्ये नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेदहा झालेले असतात. आई विचारते, 'आवाज असा का येतोय रे?' तो म्हणतो, 'एसीमुळे गं.' फोन ठेवल्यावर खोलीतला तोच एसी सहन होत नाही, आणि बंद केला तर जीव गुदमरतो.

हे लपवणं भित्रेपणाचं नाही. कंपनीने तिकीट काढलं आहे, खोलीचं भाडं भरलं आहे, पंपाची चाचणी गुरुवारपर्यंत आटपायची आहे. कामावर असलेला माणूस स्वतःच्या शरीराकडे अवजार म्हणून पाहायला लागतो, आणि अवजाराने दगा दिला की त्याला शरम वाटते. घरी आजारी पडणं आणि दौऱ्यावर आजारी पडणं यांतला मोठा फरक इथेच आहे. घरी ताप आला तर तो त्या माणसाला आलेला असतो. दौऱ्यावर ताप येतो तेव्हा तो जणू कामालाच आलेला असतो, आणि माणूस मागे पडतो.

मस्कतहून दीडेकशे किलोमीटरवरचं रुस्ताक हजर पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वसलं आहे. बरका मागे टाकून नखलच्या वाटेने निघालं की समुद्राचा दमटपणा सुटतो आणि करड्या, उघड्या डोंगरांच्या रांगा जवळ येऊ लागतात. हे एके काळी राजधानीचं गाव. १६२४ मध्ये नासिर बिन मुर्शिद याची इमाम म्हणून निवड इथेच झाली आणि याअरुबा घराणं सुरू झालं. पुढे १६५० मध्ये याच घराण्याने पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावलं. आज ओमानवर राज्य करणाऱ्या अल बुसैदी घराण्याचा संस्थापक अहमद बिन सईद याचं दफनही रुस्ताकमध्येच झालं. आता हे दक्षिण अल बातिना प्रांताचं मुख्य ठिकाण आहे. किल्ला, खजुराच्या बागा, मधाचा व्यापार, सरकारी कचेऱ्या, रुग्णालय, आणि या सगळ्याला लागणारी वीज, पाणी, यंत्रं, संगणक. ती यंत्रं बसवायला, तपासायला, दुरुस्त करायला भारतातून माणसं येतात. मस्कतमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, तिथे गणपतीही बसतो. रुस्ताकमध्ये दौऱ्यावर आलेल्याच्या कानावर मात्र आठवड्यात एक मराठी शब्द पडेल याचीही खात्री नसते.

मुंबईहून ओमानमध्ये कामाला येऊन तापाने आडवं होणं ही गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या आरमारातला, म्हणजे पूर्वीच्या बॉम्बे मरीनमधला, लेफ्टनंट जेम्स रेमंड वेलस्टेड हा अधिकारी अरबस्तानच्या किनाऱ्यांच्या मोजणीवर असलेल्या 'पॅलिन्युरस' या जहाजावर होता. १८३५ च्या अखेरीस तो मस्कतला उतरला आणि तिथले शासक सय्यद सईद यांच्या परवानगीने ओमानच्या अंतर्भागात शिरला. तिथल्या वस्त्या, पाटांचं पाणी, टोळ्या, वाटा यांची नोंद करणं हे त्याचं काम. सहकारी लेफ्टनंट व्हाइटलॉक त्याला वाटेत येऊन मिळाला. निझवापर्यंत मजल गेली, आणि तिथे तापाने दोघांना गाठलं. नोकरचाकरही अंथरुणाला खिळले. पुढचे बेत सोडून त्यांना किनाऱ्यावर सीबला यावं लागलं, समुद्राच्या वाऱ्यात अंग सावरायला. थोडं बरं वाटताच वेलस्टेड पुन्हा निघाला.

त्याचं पुढे काय झालं ते वाचताना मन गलबलतं. १८३७ मध्ये तो पुन्हा ओमानमध्ये आला आणि पुन्हा तापाने पडला. त्या तापाच्या भ्रमात त्याने स्वतःवरच बंदूक चालवली. जीव वाचला, पण चेहऱ्यावर भीषण जखमा झाल्या. त्याला मुंबईला नेलं, तिथून तो युरोपात गेला. १८३८ मध्ये त्याच्या प्रवासाचे दोन खंड लंडनमध्ये छापून आले आणि ओमानच्या अंतर्भागाबद्दल युरोपला त्यातून पुष्कळ काही कळलं. १८३९ मध्ये त्याने नोकरी सोडली. १८४२ मध्ये तो वारला. वय सदतीस.

त्याच्या पुस्तकातल्या नकाशांचं आणि नोंदींचं कौतुक करणारे अनेक आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्या मोहिमेचा खरा हिशेब करायचा तर त्यात हा तापही धरला पाहिजे. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्या माणसाच्या उशाशी त्याच्या भाषेत बोलणारं कोण होतं, हा प्रश्न आरमाराच्या कागदांत शोधून सापडणारा नाही.

त्या काळी हा ताप, बहुधा मलेरियाचा, कशाने येतो ते कोणालाच माहीत नव्हतं. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन १८२० मध्ये वेगळं काढलं गेलं होतं, म्हणजे औषध हाताशी येत होतं. कारण मात्र दूषित हवा असंच मानलं जाई. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला दिसला तो १८९७ च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादला. पाटांच्या कडेच्या डबक्यांत आणि बागांच्या गारव्यात डास वाढत होते. ज्या हिरवाईने दमलेला प्रवासी सुखावत होता, तिथेच त्याला डंख बसत होता.

ओमानने हा हिवताप हटवण्याचं काम १९९१ पासून नेटाने हाती घेतलं आणि स्थानिक लागण जवळजवळ थांबवली. आता बाहेरून येणाऱ्या रुग्णांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि इथे वेलस्टेडची दिशा उलटी होते. मलेरियाच्या घातक प्रकारात डास चावल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात. म्हणजे आज रुस्ताकच्या खोलीत हुडहुडी भरलेल्या माणसाला तो डास कदाचित निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईत, एखाद्या बांधकामाच्या साचलेल्या पाण्यापाशी चावला असेल. डॉक्टरने पहिला प्रश्न 'भारतातून कधी आलात?' असा केला तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं आणि रक्त तपासू द्यावं.

आजारही कामाच्याच वाटेने प्रवास करतो. १८१७ मध्ये बंगालमध्ये भडकलेली पटकी पुढच्याच वर्षी मुंबईत पोचली आणि १८२१ मध्ये मस्कतला. त्याच साली मुंबईहून इंग्रजांची फौज ओमानातल्या बनी बू अली टोळीवर चालून गेली होती. जहाजं, सैनिक, व्यापारी, खलाशी: सगळे आपापल्या कामाला निघालेले, आणि त्यांच्यामागून पटकी.

पण रुस्ताकमध्ये सगळ्यात वेगळा उपद्रव उन्हाचा. लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच निवृत्तीनंतर, साठी उलटून गेलेली असताना, धर्मप्रसारासाठी फेब्रुवारी १८९१ मध्ये मस्कतला आले. मे महिन्यात ते सीबकडे गेले. उन्हाने तिथे त्यांची शुद्ध हरपली. त्यांना मस्कतला परत आणलं, आणि १४ मे रोजी ते वारले. आजही ओमानचा उन्हाळा तोच आहे. २६ जून २०१८ रोजी मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरय्यात गावी चोवीस तासांतलं सगळ्यात कमी तापमान ४२.६ अंश नोंदलं गेलं. म्हणजे मध्यरात्रीही त्याच्या खाली पारा उतरला नाही.

कोकणातला किंवा मुंबईचा माणूस उकाड्याला सरावलेला असतो, म्हणून तो इथे फसतो. आपल्याकडे घामाने सदरा अंगाला चिकटतो, ऊन लागतंय हे कळतं. हजरच्या पायथ्याच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो. सदरा कोरडाच राहतो आणि शरीरातलं पाणी मात्र चाललेलं असतं. डोकं जड होतं, पायात गोळे येतात, लघवी गडद होते. इथपर्यंत सावली, पाणी आणि मीठ-साखर पुरते. पण अंगाचा ताप चाळीसच्या वर गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात. मग त्याचे कपडे सैल करून अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि ९९९९ हा नंबर फिरवायचा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. ओमानच्या कायद्याने जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. हा नियम मजुराला वाचवतो तसा दौऱ्यावरच्या इंजिनीअरलाही वाचवू शकतो; त्याने 'एवढं एक पॅनल बघून येतो' म्हणत भर दुपारी बाहेर पडू नये, एवढंच.

या गावाने प्रवाशाच्या आजाराचा विचार फार पूर्वी केला होता. सोळाव्या शतकात इथे राशिद बिन उमैरा अल रुस्ताकी नावाचा वैद्य होऊन गेला. वैद्यांच्याच घराण्यातला. त्याच्या वैद्यकावरच्या ग्रंथाचं नाव 'फाकिहत इब्न अल-सबील'. त्या नावातच वाटसरू आहे आणि त्याच्यासाठी ठेवलेलं फळ आहे. ओमानने हा ग्रंथ छापून काढला, आणि राशिदच्या पाचशेव्या जन्मवर्षाची दखल युनेस्कोनेही घेतली. आजच्या डॉक्टरला त्यातल्या औषधयोजनेची गरज पडणार नाही. पण ज्याचं घर दूर आहे अशा माणसाला समोर ठेवून एका वैद्याने आपल्या ग्रंथाला नाव दिलं, ही गोष्ट रुस्ताकबद्दल किल्ल्याच्या बुरुजांपेक्षा अधिक काही सांगते.

गावाजवळ ऐन अल कसफा नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं कढत, गंधक असलेलं पाणी. सांधे धरलेली, कातडीच्या विकाराने गांजलेली माणसं तिथे येतात. वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाला तो वास आणि ती वाफ चटकन ओळखीची वाटेल. ताप उतरून दोन दिवस झाले, पायात बळ आलं, की तिथे जाऊन नुसतं बसावं. तापात मात्र त्या पाण्यात उतरू नये. इथला अल मुयस्सर हा फलज, म्हणजे जमिनीखालून उताराने आणलेला पाट, २००६ पासून जागतिक वारशात आहे. त्याचं पाणी घरांना आणि बागांना पाळीपाळीने, वेळ मोजून मिळतं. इतक्या रुक्ष मुलखात पाण्याची इतकी नेटकी वाटणी करणाऱ्या लोकांना तहानलेला अनोळखी माणूस दारात दिसला तर काय करायचं ते शिकवावं लागत नाही. आधी पाणी येतं, मग खजूर आणि वेलदोड्याची कडवट कॉफी. पोट बिघडलेलं आहे असं कळलं तर रात्रभर लोबान भिजवलेलं पाणीही पुढे येऊ शकतं. ते घ्यायचं की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवावं. आणणाऱ्याचा आदर मात्र तिथल्या तिथे करावा.

व्यवहारातल्या अडचणी वेगळ्याच असतात. शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि शुक्रवारी सकाळी बरीच दुकानं बंद. ताप नेमका गुरुवारी रात्री चढतो. घरून आणलेली औषधांची पिशवी उघडली तर तिच्यातल्या काही गोळ्यांना इथे कडक नियम लागू असतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं महागात पडू शकतं, हे निघण्याआधी सांगणारं कोणी हवं असतं. विम्याचं कार्ड कुठल्यातरी ईमेलमध्ये पडलेलं असतं. आणि दवाखान्यात पोचल्यावर कळतं की आजार सांगायला शब्दच कमी पडताहेत. 'पोटात कळ येते', 'अंग मोडून आलंय', 'तोंडाला चव नाही' हे मोडक्या इंग्रजीत कसं सांगायचं? आखातातल्या दवाखान्यांत बरेचदा मल्याळी परिचारिका असतात. त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं, आणि निम्मी भीती तिथेच जाते. घर दूर ठेवून कामाला आलेल्या त्याही असतात. सलाइन लावताना 'घरी कोण कोण असतं?' असं त्या विचारतात ते रिवाज म्हणून नव्हे.

मग खाण्याचं. हॉटेलातला पुलाव जात नाही. मऊ भात आणि मेतकूट, किंवा उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, याशिवाय काही नको असतं. रुस्ताकच्या दुकानात तांदूळ आणि लबान, म्हणजे ताकासारखं पातळ दह्याचं पेय, सहज मिळतं. तांदूळ जास्त पाणी घालून शिजवून देणारा एखादा भला स्वयंपाकी भेटला की पुष्कळ भागतं. अशा वेळी आठवतात डॉ. दिलीप महालनबीस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून त्यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना ते तोंडाने पाजलं. घर सुटलेल्या माणसांसाठी वापरलेला तो उपाय आज प्रत्येक प्रवाशाच्या पिशवीत पुडीच्या रूपाने येऊ शकतो. चार पुड्यांचं वजन ते काय असणार!

म्हणून प्रश्न राहतो तो हा: परमुलखात आडवा पडलेला माणूस कोणाचा? कंपनी म्हणते, विमा आहे ना. घर म्हणतं, पहिल्या विमानाने परत ये. पण तापात तीन तासांचं विमानही फार लांब असतं. खरं तर तेवढ्या दिवसांपुरता तो त्या गावाचा असतो. ड्रायव्हरचा, औषधाच्या दुकानातल्या माणसाचा, शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञाचा. वेलस्टेडकडे परवानगीचं पत्र होतं, वाटाडे होते, जहाज होतं. त्याला हवं होतं ते असं एखादं माणूस.

दौऱ्याच्या आदेशात तिकिटाचा, निवासाचा, भत्त्याचा, गाडीचा रकाना असतो. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असायला हवा: त्या गावातल्या एका माणसाचं नाव, जो रात्री दोन वाजता उठून दवाखान्यात सोबत येईल. त्याखाली रुग्णालयाचा पत्ता, विम्याचा क्रमांक, ९९९९, आणि पाठवलेल्या माणसाला कोणती औषधं चालत नाहीत त्याची एक ओळ. आणि आदेशावर सही करणाऱ्या साहेबांनी ते नाव नुसतं लिहून न ठेवता, माणूस विमानतळावर निघण्याआधी त्या नंबरवर एकदा स्वतः फोन लावून बघावा.