तअद्दुद

भाईजानांनी २००८ साली रियाधहून आणलेला प्लेस्टेशन टू कित्येक वर्षे अम्मीच्या पेटीत पडून होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने तो शोधून काढला. "फुप्पी, लगा दो ना!" टीव्हीवर संध्याकाळी अम्मीचा हक्क. मोकळा होता तो मी बी.एड.ला असताना घेतलेल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर.

गेमच्या वायरीला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना. मॉनिटरला पंधरा पिनांचा निळा व्हीजीए. दुकानदाराने दीडशे रुपयांत एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते, अशी वायर दिली. लावली. पडदा काळाच. भाचा माझ्याकडे बघत राहिला. घरात 'सायन्सवाली' मीच ना!

शेवटी मोहल्ल्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरमागे माझा जुना विद्यार्थी. नववीत विज्ञानात नापास झाला, शाळा सोडून आधी पॉवरलूमवर गेला, मग इथे. वायर पाहून हसला. "आपा, ये नहीं चलेगी." मग त्याने समजावले : पिवळ्या पिनेतून रंग, उजेड, इशारे सगळे एकत्र येते, मॉनिटरला लाल, हिरवा, निळा वेगवेगळे लागतात. शिवाय गेम सेकंदाला साधारण साडेपंधरा हजार रेघा पाठवतो, मॉनिटरला किमान एकतीस हजारांच्या आसपास हव्यात. नुसत्या तारेने हे बदलत नाही. मध्ये कन्व्हर्टरची डबी पाहिजे, तिला स्वतःची वीज पाहिजे. आवाज मात्र मॉनिटरला नको. लाल-पांढरी पिन जोडणी लावून कॉम्प्युटरच्या स्पीकरला द्यायची.

सेकंदाला इतक्या वेळा! म्हणजे तअद्दुद. मराठीत वारंवारता, इंग्रजीत फ्रिक्वेन्सी. तिन्ही शब्द मला पाठ. दरवर्षी 'आवाज'च्या धड्यात व्याख्या फळ्यावर लिहिते, मुले उतरवून घेतात. याच व्याख्येचे गुण मी त्याचे कापले होते. त्याला शब्द आला नव्हता. मला तो येत होता, पण काळा पडदा समोर असताना आठवला नाही.

घरी येऊन त्याने दहा मिनिटांत जोडणी केली. पडद्यावर मोटारी धावू लागल्या. चित्र जरा धूसर होते, पण भाच्याची तक्रार नव्हती. डबीचे पैसे घेतले, मेहनतीचे घेतले नाहीत. "आपासे कैसे लूं?" मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

दारात मी त्याला सतरा नंबर फॉर्मबद्दल विचारले. बाहेरून दहावी देता येते, शिकवीन मी. तो म्हणाला, "आपा, शब्द फिरसे याद करने पडेंगे क्या?"

"शब्द मी देईन," मी म्हटले, "बाकीचे तू मला सांग."

शाळा उघडल्यावर त्या धड्याला मी डबी वर्गात नेली. व्याख्या सगळ्यात शेवटी लिहिली. फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये आहे, त्याच्या सहीसाठी. उद्या पुन्हा त्याच्या दुकानात जाणार आहे.