काळ्या बंपरची एमजीबी

पुणे

चि. ओंकार,


तू पाठवलेल्या फोटोतल्या दोन्ही गाड्या एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबी स्पोर्ट्स कारच आहेत, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या एकाच कारखान्यातल्या. क्रोमच्या नाजूक पट्टीची लाल गाडी आधीची, काळं थोबाड घेऊन उंच उभी असलेली पिवळी नंतरची. "मामा, हे कुणी आणि का केलं?" असं पिंपरीत पत्र्यांना आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला विचारलंस, तर उत्तर लांबणारच.

केलं अमेरिकेने. १९६२ साली आलेल्या एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तिकडेच होतं. तिथे किरकोळ धडकेतही गाड्यांचं नुकसान फार व्हायचं आणि भुर्दंड विमा कंपन्यांना. म्हणून १९७३ च्या मॉडेलपासून नियम आला: पुढून ताशी ५ मैलांच्या वेगाने आपटली तरी दिवे, इंधनाची यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे. वर्षभरात मागच्या बाजूलाही तीच अट लागली. शिवाय जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात बसणारा मार बंपरनेच झेलायचा.

एमजीने आधी क्रोमवर रबराचे दोन भलेमोठे गोळे बसवून वेळ मारून नेली. लोकांनी त्यांना सॅब्रिना या नटीचं नाव दिलं. का, ते आईला विचारू नकोस! १९७४ च्या शरदात मग आत पोलाद आणि वर काळं पॉलियुरेथेन असा अखंड बंपर आला. सगळे नावं ठेवतात, पण मला तो वाईट वाटत नाही. गाडीच्या नाकाचा आकार त्याने नीट धरलाय, आणि तसं वळण साधणं सोपं नसतं.

माझा राग उंचीवर आहे. बंपर त्या पट्ट्यात आणायला नवी बॉडी हवी होती, पण मालक ब्रिटिश लेलँड इतकी डबघाईला आली होती की १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. मग सस्पेन्शनमध्ये फेरफार करून आख्खी गाडीच दीड इंच उचलली. पावसात धोतर खोचून निघालेल्या गृहस्थासारखी दिसू लागली बिचारी. दिसण्याचं सोड, गुरुत्वमध्य वर गेला, त्यात खर्च वाचवायला उघड्या गाडीचा पुढचा, वळणावर झुकणं रोखणारा अँटी-रोल बारही काढला. वळणावर गाडी कलंडल्यागत झुकायची. आणि इंग्लंडसाठी वेगळी गाडी बनवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांच्या गळ्यातही हीच पडली.

१९७६ मध्ये शहाणपण आलं: पुढचा बार जाडजूड होऊन परत आला, मागेही एक नवा बसला. १९८० मध्ये गाडी बंद झाली. आणि १९८२ मध्ये अमेरिकेने तीच अट ५ मैलांवरून अडीचवर आणली!

तुला घ्यायचीच असेल तर क्रोमच्या मोहात पैसे घालू नकोस. १९७७ ची किंवा नंतरची काळ्या बंपरची घे, ती स्वस्त पडेल. पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे पाट्या आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे टाकून उंची उतरवता येते. पण त्याआधी खाली वाकून दाराखालचे पत्रे बघ. तिथे गंज असेल तर बंपर कुठलाही असो, गाडी घेऊ नकोस.

तुझा,
मामा