सियालद्याची शाळा

कलकत्त्यात सियालदा स्टेशनच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही बापलेक लोरेटो शाळेच्या फाटकाशी पोहोचलो. आयर्लंडहून आलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ साली येथे मुख्याध्यापिका झाल्या आणि पुढे त्यांनी हे फाटक रस्त्यावरच्या पोरींना खुले केले. निम्म्या मुली फी देणाऱ्या, निम्म्या बिनफीच्या, असा बेत. शिवाय फुटपाथवरच्या पोरींना शिकवायचे ते शाळेतल्याच मुलींनी, तेही शाळेच्या वेळात!

'मग यांच्या अभ्यासाचे काय?' माझ्यातला पालक कुरकुरला. ('चांगल्या घरच्या' मुलींची शाळा मिळावी म्हणून मी किती खेटे घातले होते!)

शाळा सुटली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, साऱ्या एकाच गणवेशात.

"बाबा, यांतल्या बिनफीच्या कुठल्या हो?"

मी पाहतच राहिलो. मला ओळखता येईना.