गवताची वहिवाट

यवतमाळहून पुसदला जाण्यासाठी मी मुद्दाम जुलै महिना निवडला आणि रस्ता दारव्हा-दिग्रसचा धरला. १९३० साली याच महिन्यात या वाटेच्या दोन टोकांना माणसांनी राखीव रानातलं गवत कापून कायदा मोडला होता. १० जुलैला पुसदकडे लोकनायक बापूजी अणे यांनी, तर २१ जुलैला यवतमाळलगतच्या लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांच्या तुकडीने. दोघांनाही तुरुंगवास झाला. वऱ्हाडात मीठ पिकवायला समुद्र नव्हता. सरकारने अडवलेलं जंगल मात्र होतं, म्हणून इथे सत्याग्रहात मिठाच्या जागी गवत आलं. अशा लढ्याचं स्मारक कसं असावं, चौथऱ्याचं की मोकळ्या मैदानाचं, हा प्रश्न घेऊन मी निघालो.

शहर सोडण्याआधी मैदानांवरून एक फेरी मारली की नावांचा हिशेब कळतो. नेहरू स्टेडियममध्ये धावताना नेहरू आठवतातच असं नाही. पोस्टल ग्राउंडचं समता मैदान झालं तरी जुनं नाव लोकांच्या जिभेवरून गेलेलं नाही. पण एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने तिथे समता पर्व भरतं, तेव्हा नव्या नावात जीव येतो. नाव पाटीने टिकत नाही, वहिवाटीने टिकतं. दारव्ह्याला पोहोचलो की याचीच उलटी बाजू दिसते. शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ आहेत, गाडी नाही. वहिवाट थांबली आणि रुळांवर गवताने हक्क सांगितला.

चौथरा की मैदान, हा वाद पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतही रंगला होता. पुतळे नि विजयस्तंभ पुरेत, लोकांच्या वापरात येईल असं स्मारक उभारा, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यातून कॉलेजांची फुटबॉल स्टेडियम उभी राहिली: कॅन्ससचं १९२१ साली, नेब्रास्का आणि इलिनॉयचं १९२३ साली. इलिनॉय विद्यापीठाच्या स्टेडियमला दोन बाजूंना मिळून दोनशे खांब आहेत आणि त्यांवर युद्धात कामी आलेल्यांची नावं कोरली आहेत. पैसा उभा राहिला तो आजी-माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. पण १८ ऑक्टोबर १९२४ चा अर्पणदिन लोकांच्या लक्षात राहिला तो रेड ग्रेंज या खेळाडूमुळे. मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार टचडाउन केले. कॅन्ससच्या स्टेडियमच्या नावाआधी तर २०१७ मध्ये पाच कोटी डॉलर देणाऱ्या डेव्हिड बूथ यांचं नाव लागलं.

यावर कोणी म्हणेल, मग मैदान हे स्मारक होऊच शकत नाही. आरोळ्यांत मेलेल्यांची आठवण बुडते. मला हे पटत नाही. आपल्या राज्याने १९८०च्या दशकात गावोगावी दोनशेच्या वर हुतात्मा स्मारकं बांधली, एकाच धाटणीची. तिथे आरोळ्या नाहीत. कित्येक ठिकाणी कुलूप आहे. शांतता पाळून आठवण राहिली असती, तर ती तिथे राहिली असती. अमेरिकेत चुकलं ते खेळाने नव्हे, नाव विकाऊ झाल्याने. आपल्याकडेही कॉलेजचं मैदान खेळामुळे बिघडत नाही. ते बिघडतं प्रदर्शनांच्या मांडवांनी, सभांच्या खड्ड्यांनी आणि पोरांना बाहेर ठेवणाऱ्या कुंपणाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सत्याग्रह म्हणजे युद्ध नव्हे, मग युद्धस्मारकाचा दाखला इथे कशाला? फरक खराच, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. युद्धात गेलेल्यांची नावं खांबावर कोरता येतात. गवत कापणाऱ्यांची मागणी मात्र जमिनीवरच्या वहिवाटीची होती, आणि वहिवाट दगडात कोरता येत नाही. ती चालू ठेवावी लागते. म्हणून कोणालाही पाय टाकता येईल असं गवताचं मैदान हेच त्या लढ्याच्या जातीचं स्मारक ठरतं. नुसती पाटी लावून ते होणार नाही, हे नेहरू स्टेडियमने शिकवलंच आहे. पाटीला कृतीची जोड हवी.

दिग्रस सोडून पुसदच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना पऱ्हाटी वीतभर वर आलेली असते, आणि बांधावरचं गवत तिच्याहून उंच. कॉलेजं नुकती सुरू झालेली असतात; मैदानावरचं गवत तसंही कापायचंच असतं. ते यंत्राने न कापता पहिल्या सामन्याआधी खेळाडूंनीच विळे घेऊन कापावं आणि का कापतो ते एकाने सांगावं. खर्च चार विळ्यांचा. नाही कापलं, तर दिवाळीपर्यंत त्याच गवताची कुसळं होतात आणि धावणाऱ्याच्या मोज्यांत शिरून बसतात.