आत्म्याला वर्ण नसतो

रत्नागिरीच्या दमट हवेत चेहरा तेलकट होतो, म्हणून मुरुमांवर लिंबू चोळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. वास्तविक लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे उठू शकतात. याहून घातक हव्यास गोरेपणाचा. लग्न जुळवण्याच्या काळात मुलींना दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणून दिले जाते. प्रारंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होऊन लाल पडते आणि मलम थांबवताच दाह होतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली.

त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून रक्षण करते. सावळेपण हा दोष नव्हे. जैन कर्मसिद्धान्तानुसार शरीराचा वर्ण नामकर्माने ठरतो, आत्म्याला वर्ण नसतो. स्थळ पाहताना वडीलधाऱ्यांनी रंग विचारणे सोडले, तर त्या मलमाची गरजच उरणार नाही.